चित्र पडद्यावर, चित्र हातात

जपानी ठसाचित्रकार उतागावा तोयोकुनी तिसरा याचे 1858 सालचे एक तीन पानी चित्र आहे. एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, इचिमुरा-झा या नाट्यगृहात ‘शिबाराकू’ या काबुकी नाट्याचा प्रयोग चालू आहे, असा त्याचा विषय. काबुकीवरच्या पुस्तकांतून हे चित्र इतक्या वेळा छापले गेले आहे की जपानी रंगभूमीशी ज्याचा काही संबंध नाही त्याच्याही नजरेखालून ते केव्हातरी गेलेले असते. ते एक नाट्यप्रसंगाचे चित्र म्हणून पाहिले जाते. माझ्या मते ते नाट्यप्रसंगाचे चित्र नाही, ते नाट्यगृहाचे चित्र आहे. हा फरक लक्षात घेतला की आपल्या रंगभूमीच्या, विशेषतः कोल्हापूरच्या, चित्र-इतिहासातील एक मोठी पोकळी दिसू लागते. या लेखात ती पोकळी नेमकी कोणती आणि ती का राहिली, याचा विचार करायचा आहे.

प्रथम चित्रात काय आहे ते पाहू. ‘शिबाराकू’ या शब्दाचा अर्थ ‘थांबा जरा!’ असा. एक दुष्ट सरदार निरपराध माणसांचा शिरच्छेद करण्याच्या बेतात असतो. तेवढ्यात प्रेक्षकांच्या बाजूने ही आरोळी ऐकू येते आणि नायक कामाकुरा गोंगोरो प्रवेश करतो. प्रल्हादाच्या आख्यानात खांब दुभंगण्याच्या क्षणाला आपला श्रोता जसा सावरून बसतो, तसाच हा क्षण. नायकाचा वेश विटकरी रंगाचा, बाह्या एखाद्या शिडासारख्या चौकोनी आणि प्रचंड, त्यांवर एकात एक बसवलेल्या तीन चौकोनांचे चिन्ह. हे चिन्ह इचिकावा दांजूरो या नटघराण्याचे. तोंडावर लाल पट्ट्यांची रंगरंगोटी. नायक येतो तो विंगेतून नव्हे. प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकापासून रंगमंचापर्यंत, प्रेक्षकांच्या मधून जाणारी एक उंच वाट काबुकीत असते. तिला हानामिची, म्हणजे ‘फुलवाट’, म्हणतात. त्या वाटेवरून तो येतो.

पण या चित्रात नायक फारच लहान आहे. तीन पानांच्या या पसाऱ्यात त्याच्या वाट्याला आलेली जागा एखाद्या बोटभर लांबीची. उरलेली सगळी जागा प्रेक्षकांनी व्यापली आहे. जमिनीवर लाकडी पट्ट्यांनी आखलेले चौकोनी खण आणि त्यांत दाटीवाटीने बसलेली माणसे. दोन्ही बाजूंना दुमजली सज्जे, त्यांतही माणसे. वर कंदिलांच्या रांगा. कोणी नायकाकडे मान वळवली आहे, कोणी शेजाऱ्याशी बोलतो आहे, कोणी खाण्यापिण्यात दंग आहे. चित्रकार जणू प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला, उंचावर बसला आहे आणि तिथून त्याला जे दिसते ते सगळे त्याने घेतले आहे. चित्राच्या नावातच ‘एदोच्या चित्रांचा उत्कर्ष’ अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे गौरव नटाचा आहे, नाट्यगृहाचा आहे, आणि हे सगळे कागदावर उतरवणाऱ्या चित्रकलेचाही आहे.

हे चित्र कोणासाठी होते?

ठसाचित्र हे एकट्या चित्रकाराचे काम नसते. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरक्या ते कागद चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून रेषा तेवढ्या उठावात ठेवी व बाकीचे लाकूड कोरून काढी. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. सर्व फळ्यांच्या कोपऱ्यांत खुणेच्या खाचा असत. त्यांत कागद बसवला की दहा रंगही एकमेकांवर चुकत नसत. छापणारा वेगळा. आणि या तिघांना कामाला लावणारा, पैसे घालणारा, कोणते चित्र खपेल हे ठरवणारा प्रकाशक वेगळा. छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाची मोहर लागे. एवढे होऊन एक पान साध्या खाण्याच्या मोलाने विकले जाई. घेणारा सामान्य शहरवासी. नाटक पाहून आलेला तो चित्र घेई, आणि नाटक पाहणे न परवडणाराही घेई.

एदोत परवाना असलेली मोठी नाट्यगृहे तीन होती: नाकामुरा-झा, इचिमुरा-झा आणि मोरिता-झा. 1841 च्या आगीनंतर ती शहराच्या एका कडेला, आसाकुसा भागात हलवण्यात आली. 1842 मध्ये सरकारने साधेपणाच्या धोरणाखाली नटांची चित्रे छापण्यावर बंदी घातली. तरी मागणी इतकी की चित्रकारांनी वाटा काढल्या. कुनियोशी या चित्रकाराने तर भिंतीवर कोणा टारगट पोराने ओरखडे ओढावेत तशी नटांची तोंडे काढली; नाव नाही, पण ओळखणाऱ्याने ओळखावे. काही वर्षांत बंदी ढिली झाली. तोयोकुनी तिसरा हा त्या काळचा सर्वांत खपणारा चित्रकार. त्याचे आधीचे नाव कुनिसादा, जन्म 1786 चा. 1858 चे हे चित्र त्याच्या सत्तरीनंतरचे आहे. नाट्यगृहात आयुष्य काढलेल्या माणसाला रंगमंचापेक्षा प्रेक्षागृह मोठे दिसू लागले, असेही म्हणता येईल.

इथे एक सावधगिरी हवी. ही चित्रे म्हणजे बातमीदाराचे छायाचित्र नव्हे. अनेक चित्रे प्रयोगाच्या आधीच, जाहीर झालेल्या पात्रयोजनेवरून छापली जात. गर्दी नेहमी तुडुंब दाखवण्यात प्रकाशकाचा आणि नाट्यगृहाचा दोघांचा फायदा होता. त्या दिवशी अमुक सज्जात इतकीच माणसे होती, असा पुरावा या चित्रातून निघत नाही. निघतो तो निराळाच पुरावा: नाटक पाहणे म्हणजे काय, याची त्या शहराची कल्पना काय होती. त्या कल्पनेत प्रेक्षक चित्राबाहेर नव्हता.

कोल्हापूरचा चित्रकार कुठे उभा होता?

आता आपल्याकडे वळू. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते 1843 साली, म्हणजे एदोत नटचित्रांवर बंदी आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि संगीत नाटक उभे राहिले. पुढची चाळीस वर्षे या रंगभूमीच्या भरभराटीची. कोल्हापूरला या भरभराटीत स्वतःचे स्थान होते. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय होता. केशवराव भोसले इथलेच; त्यांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 चा. वयाच्या अठराव्या वर्षी, 1908 मध्ये, त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. महाराजांनी खासबाग मैदानाला लागून बांधलेले पॅलेस थिएटर 1915 मध्ये खुले झाले. पाठीला पाठ लावून एकीकडे कुस्ती आणि दुसरीकडे नाटक अशी ही जोडवास्तू. पुढे या नाट्यगृहाला केशवरावांचेच नाव दिले गेले.

आणि याच गावात चित्रकार होते. आनंदराव आणि बाबूराव हे दोन मेस्त्री चुलतभाऊ, दोघेही ‘पेंटर’ याच नावाने ओळखले गेले. साधारण 1910 ते 1916 या काळात पश्चिम भारतात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांत त्यांचे नाव आघाडीवर होते. संगीत नाटक मंडळ्यांप्रमाणेच गुजराती-पारशी कंपन्यांसाठीही त्यांनी पडदे रंगवले. बाबूरावांचा जन्म 1890 चा, म्हणजे ते केशवरावांच्याच वयाचे. एकाच गावात, एकाच वेळी, अव्वल दर्जाचा नट, अव्वल दर्जाचा चित्रकार, चित्राची आणि गाण्याची जाण असलेला राजा आणि नवे कोरे नाट्यगृह. एदोत नटचित्र फुलायला जे जे लागले ते सगळे इथे होते. तरीही प्रेक्षकाने घरी न्यावे असे नाट्यगृहाचे चित्र काढण्याची प्रथा इथे पडली नाही. का?

याचे उत्तर चित्रकार नाट्यगृहात कुठे उभा होता, यात आहे. तोयोकुनी प्रेक्षकांत, सर्वांच्या मागे बसला आहे. आनंदराव आणि बाबूराव नटाच्या मागे आहेत. त्यांचे चित्र म्हणजे महालाचा पडदा, बागेचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा. ते पाहायला लोक तिकीट काढत. चांगला पडदा उलगडला की नट यायच्या आधी टाळ्या पडत. पण ते चित्र प्रेक्षकासमोर असते, प्रेक्षकासह नसते. त्यात बाग आहे, बाग पाहणारा नाही.

याची एक खूण दोन्हीकडच्या यथादर्शनात सापडते. जवळचे मोठे, दूरचे लहान, आणि सगळ्या रेषा एका बिंदूकडे धावणाऱ्या, ही युरोपीय रीत जपान्यांच्या हाती अठराव्या शतकात लागली. 1740 च्या सुमारास ओकुमुरा मासानोबू याने ती वापरून पहिली चित्रे काढली, त्यांत काबुकी नाट्यगृहांची अंतर्भागचित्रे ठळक आहेत. सज्जांच्या रेषा, छताच्या तुळया, जमिनीवरचे खण हे सगळे रंगमंचाकडे धावत जातात. म्हणजे नवी रीत हाती आली तेव्हा ‘आपण जिथे बसतो ती जागा किती खोल आहे’ हे दाखवायला त्याने ती वापरली. आपल्याकडे हीच रीत पारशी रंगभूमी, कलाशाळा आणि तैलचित्रे यांच्या वाटेने आली आणि नाटकाच्या पडद्यावर चढली. इथे तिचे काम उलटे होते. दहा-पंधरा हात खोलीच्या रंगमंचामागे मैलभर लांब राजमार्ग आहे, असा भास तिने घडवायचा. एकच हत्यार, एदोत ते नाट्यगृहाची खरी खोली मोजायला वापरले गेले, कोल्हापुरात खोटी खोली निर्माण करायला. यात कमीजास्त काही नाही. पण पहिल्या वापरातून नाट्यगृहाची नोंद मागे राहते, दुसऱ्यातून राहत नाही. पडदा दमट हवेत, बैलगाडीत, मालडब्यात, गुंडाळून-उलगडून झिजतो आणि एक दिवस पुन्हा दुसऱ्या चित्रासाठी पांढरा होतो.

आपल्या परंपरेत चित्राची ही जागा नवी नव्हती. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारताची चित्रे एकेक करून समोर धरतात आणि गात कथा सांगतात. ते चित्र खेळाचा भाग असते. ते खेळाचे चित्र नसते. पोथीत पाने असतात तशी ती खेळाची पाने. कोल्हापूरचा पडदा हे याच रीतीचे मोठ्या कापडावरचे रूप आहे. आपल्याकडे चित्र खेळात उतरले. एदोत खेळ चित्रात उतरला.

छापखाना नव्हता म्हणून?

यावर एक सोपे उत्तर संभवते: आपल्याकडे छपाईची तशी सोय नव्हती. हे उत्तर टिकत नाही. पुण्यात चित्रशाळा छापखाना 1878 मध्ये निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांत होते. देवदेवतांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रे तिथून घरोघर गेली. 1894 मध्ये मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती भिंतीभिंतीवर लागल्या. म्हणजे स्वस्त रंगीत चित्र छापणे, ते विकणे आणि ते विकत घेऊन चौकटीत बसवणे या तिन्ही गोष्टी मराठी माणसाला ठाऊक होत्या. छापायचे काय, हा प्रश्न होता. शकुंतला छापली गेली. शकुंतलेची भूमिका करणारा नट, त्याच्यासमोरची पेट्रोमॅक्सची ओळ आणि समोर बसलेले लोक छापले गेले नाहीत.

दुसरे कारण मला अधिक खरे वाटते. एदोचे नाट्यगृह एका जागी होते आणि कार्यक्रम वरचेवर बदलत होता. नवा कार्यक्रम लागला की नवे चित्र. तो उतरला की चित्रही शिळे. एक शहर, एक बाजार, हाकेच्या अंतरावर प्रकाशक. आपली नाटक मंडळी मात्र फिरती. कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव, हुबळी, सोलापूर, पुणे, मुंबई. नाटके तीच, पडदे तेच, गाव नवे. ‘सौभद्र’ आणि ‘मानापमान’ पुन्हा पुन्हा येणार होते. जे पुन्हा येणार आहे त्याची आठवण कागदावर धरून ठेवायची निकड कोणाला वाटावी? मंडळीला गावात गरज होती ती आज रात्रीची बातमी देणाऱ्या हस्तपत्रकाची, आणि हस्तपत्रकाचे काम अक्षरांनी भागत होते.

तिसरे कारण काळाचे आहे आणि तेच मला निर्णायक वाटते. काबुकीची चित्रे बहरली ती कॅमेरा येण्यापूर्वी. नटाचा चेहरा लोकांना घरी न्यायचा असेल तर चित्रकाराशिवाय वाट नव्हती. आणि चेहरे काढता काढता तो चित्रकार नाट्यगृहाकडेही वळला. आपले संगीत नाटक ऐन भरात आले तेव्हा फोटो स्टुडिओ गावोगाव निघाले होते. नटाचा चेहरा हवा ना, मग फोटो आहे. हाताने काढून छापलेल्या नटचित्राची गरजच फोटोने संपवली. पण त्या काळच्या कॅमेऱ्याला भरपूर उजेड आणि न हलणारा माणूस लागे. रात्रीच्या नाट्यगृहात, दिव्यांच्या मंद प्रकाशात, हलत्या-बोलत्या हजारभर प्रेक्षकांचा फोटो त्याला घेता येत नव्हता. चित्रकाराला जे जमले असते ते त्याच्याकडे कोणी मागितले नाही; फोटोग्राफरकडे मागितले असते तरी त्याला ते जमले नसते. या दोघांच्या मधल्या फटीतून आपला प्रेक्षक निसटला.

स्टुडिओतली भामिनी

या फटीची साक्ष बालगंधर्वांच्या फोटोंत मिळते. नारायण श्रीपाद राजहंस 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, त्यामागे शाहू महाराजांचा शब्द होता. 1911 मध्ये ‘मानापमान’मधली भामिनी, 1916 मध्ये ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, 1919 मध्ये ‘एकच प्याला’तली सिंधू. या भूमिकांतले त्यांचे फोटो आजही पुस्तकांतून, दिवाळी अंकांतून, घराघरांतल्या संग्रहांतून दिसतात. शालू, अंबाडा, गजरा, मान किंचित कललेली, नजर कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला. फोटो सुंदर आहेत. मागे पडदाही आहे, पण तो फोटो स्टुडिओचा. समोर कोणी नाही. भामिनी एकटी आहे. ज्या आवाजासाठी लोक रात्र रात्र बसत तो आवाज जसा फोटोत नाही, तसे ते लोकही नाहीत.

जपानी रंगभूमीवरही स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. 1629 मध्ये सरकारने काबुकीतून स्त्रियांना बंदी केली, आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची, ओन्नागातांची, परंपरा उभी राहिली. 1794 मध्ये शाराकू नावाचा एक चित्रकार अचानक उगवला. सुमारे दहा महिन्यांत दीडशेच्या घरात चित्रे काढून तो नाहीसा झाला. त्याचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो. शाराकूने ओन्नागातांची चित्रे काढली तेव्हा स्त्रीवेशाआडचा पुरुष त्याने लपवला नाही. जाड हनुवटी, लांबट नाक, वय झाल्याच्या खुणा, आणि त्या सगळ्यावर स्त्रीची केशरचना आणि स्त्रीचा हात. त्याने फार खरे काढले म्हणून तो टिकला नाही, असे जुन्या जपानी टीकाकारांचे मत. पण त्याच्या चित्रात जे दिसते ते प्रेक्षकाला नाट्यगृहात खरोखर दिसणारे आहे: एकाच वेळी नट आणि भूमिका. प्रेक्षक ‘रुक्मिणी आली’ असे म्हणत नाही, ‘बालगंधर्वांची रुक्मिणी आली’ असे म्हणतो. काबुकीच्या चित्रांवर बहुधा नटाचे नाव आणि भूमिकेचे नाव शेजारी शेजारी लिहिलेले असते, ते याच कारणाने.

आपल्या फोटोंत नटाने स्वतःला पूर्ण मिटवले आहे आणि फोटोग्राफरने त्याला त्यात मदत केली आहे. भूमिकेशी एकरूप होण्याचा तो कळस आहे, यात वाद नाही. टीकाकार म्हणून मला एवढेच म्हणायचे आहे की तो फोटो नटाच्या बाजूने काढलेला आहे. नटाला जसे दिसायचे होते तसा. प्रेक्षकाच्या बाजूने काढलेले चित्र, ज्यात त्याची आवड, त्याची थट्टा, त्याचा कंटाळा, त्याची ‘वन्स मोअर’ची आरोळी उतरली असती, ते आपल्याकडे राहून गेले. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. मराठी रंगभूमीच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या रात्रींपैकी ही एक. तिची वर्णने आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. एदोत अशी रात्र झाली असती तर दुसऱ्या आठवड्यात तिची तीन पानी रंगीत चित्रे दुकानाबाहेर टांगलेली दिसली असती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव गेले. वय एकतीस.

चित्रकार बाहेर आला तेव्हा

कोल्हापूरचा चित्रकार नटाच्या मागून निघून रस्त्यावर, लोकांमध्ये, हातात चित्र घेऊन आला तो लवकरच. पण तेव्हा त्याच्या हातातले चित्र नाटकाचे नव्हते.

आनंदराव 1916 मध्ये वारले. सिनेमाचा ध्यास दोघांचा होता. तो बाबूरावांनी पुढे नेला. 1917 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, कॅमेरा कोल्हापुरातच बनवला गेला, आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. चित्रपटाबरोबर बाबूरावांनी दोन गोष्टी केल्या ज्या त्यांच्या नाटकाच्या दिवसांत घडल्या नव्हत्या. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका प्रेक्षकांत वाटल्या, आणि स्वतः रंगवलेली मोठी पोस्टरे छापून भिंतींवर लावली. 1924 च्या ‘कल्याणचा खजिना’चे त्यांचे रंगीत पोस्टर हे आज हाती असलेल्या जुन्यात जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी मानले जाते.

तोयोकुनीच्या चित्राशेजारी हे पोस्टर मनाने ठेवून पाहावे. शिळाछापाचा सपाट रंग, प्रसंगातला ताणाचा क्षण निवडणे, वेशभूषेचा ठसठशीतपणा, चित्राबरोबर अक्षरांची जुळणी: काबुकीच्या चित्राचे सगळे गुण त्यात आहेत. म्हणजे कोल्हापूरला अशी चित्रे काढता येत नव्हती असे नव्हे. खेळाची चित्रे काढून ती छापायची आणि वाटायची ही गोष्ट कोल्हापूरला जमली, उत्तम जमली. पण ती जमली तेव्हा खेळ बदलला होता. पडद्याच्या कारखान्यात तयार झालेले हात, दामले आणि फत्तेलाल, पुढे 1929 मध्ये ‘प्रभात’ काढणाऱ्यांत होते. मराठी चित्रपटाची देखणी नेपथ्यरचना रंगवलेल्या पडद्यातून आली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहे. त्याची दुसरी बाजू अशी की नाटकाचा सर्वांत चांगला चित्रकार नाटकाकडे समोरून न पाहताच निघून गेला.

याला अपवाद नाहीत का? ‘ललितकलादर्श’मध्ये केशवरावांनंतर बापूराव पेंढारकरांच्या काळात पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकारांनी नेपथ्यात नवे वास्तव आणले. पण तेही नटाच्या मागचेच काम. चित्रकाराची जागा सुधारली, बदलली नाही.

जळालेल्या नाट्यगृहापुढे

हा सगळा विचार आज केवळ कलेच्या इतिहासाचा राहिलेला नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर गेले, रंगमंच गेला, खासबागेच्या बाजूचेही नुकसान झाले. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणारे लोक या गावाने पाहिले. नाट्यगृह ‘होते तसेच’ उभे राहावे ही मागणी त्याच रात्री सुरू झाली, आणि ती रास्त आहे.

पण ‘होते तसेच’ म्हणजे कोणाला दिसले तसे? दगडी भिंतींची मापे घेता येतात. शतकभरात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांचे कागद असतात. दर्शनी बाजूचे फोटो भरपूर आहेत, कारण दिवसाउजेडी बाहेरून फोटो घेणे कोणालाही शक्य होते. रंगमंचाचे फोटो आहेत, नटांचे आहेत, सत्कारांचे आहेत. मागल्या रांगेत बसलेल्या माणसाला 1915 मध्ये, 1921 मध्ये, 1940 मध्ये समोर काय दिसत होते, स्त्रिया कुठे बसत, सज्जातून रंगमंच किती दिसे, दिवे कुठे टांगलेले असत, मध्यंतरात लोक कुठे जात, हे सांगणारे चित्र नाही. इचिमुरा-झाची इमारत आज नाही. तरी तोयोकुनीचे चित्र समोर ठेवले की तिथे कसे बसायचे हे कळते. आमच्या नाट्यगृहाच्या भिंती उभ्या आहेत, पण तिथे आमचे आजोबा कसे बसले होते हे कळायला चित्र नाही.

ते चित्र आता कोणी काढू शकणार नाही. त्याचे तुकडे मात्र गोळा करता येतील. जुनी हस्तपत्रके, ज्यांवर वर्गवार तिकिटांचे दर आणि स्त्रियांच्या बैठकीची सूचना असे. तिकिटांचे अर्धे तुकडे. आठवणींच्या पुस्तकांत नटाच्या वर्णनामागे सहज येऊन गेलेली प्रेक्षागृहाची वाक्ये. नव्वदीतल्या माणसांच्या तोंडून निघणारे ‘आम्ही तिकडे बसायचो’. या गावातल्या पेठांमधून असे साहित्य अजून ट्रंकांत आणि माळ्यांवर आहे. नटाचा फोटो जपला जातो आणि हस्तपत्रक रद्दीत जाते, कारण फोटो मौल्यवान आणि हस्तपत्रक कचरा असे आपण ठरवून टाकले आहे. ज्या नाट्यगृहाची ओळख शाहू महाराज आणि केशवराव यांच्या नावाने आहे, तिथल्या नव्या भिंतीवर या दोघांच्या तसबिरी लागतीलच. एक भिंत प्रेक्षकाला द्यावी. तिच्यावर ही पत्रके, हे तुकडे, या आठवणी मांडाव्यात, आणि बसण्याच्या जागांचा शतकभरातला नकाशा जमेल तितका जुळवून लावावा.

कोल्हापुरात आजही चित्रकार कमी नाहीत. कलामंदिरांतून दरवर्षी नवी मुले बाहेर पडतात, निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढतात. नाट्यगृह पुन्हा उघडेल त्या रात्री त्यांतल्या एकाने वही घेऊन मागच्या रांगेत बसावे आणि रंगमंचाऐवजी समोरच्या डोक्यांकडे पाहावे.